जावक क्रमांक एक्केचाळीस

साईनाथ धामणस्करांना फिनलंड हा देश पहिल्यांदा आवडला तो त्याचा फॉर्म वाचून. तिथे बर्फ असतं, हरणं असतात, जगातली सगळ्यात सुखी माणसं तिथेच राहतात, हे त्यांना लेकीने आधीच सांगितलं होतं. पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सगळा देशच्या देश सुखी म्हणजे कुणीतरी आकडे फिरवलेले असणार. फॉर्मची गोष्ट वेगळी. लग्न करून नवऱ्याकडे राहायला येणाऱ्या बाईला तो फॉर्म सरळ तोंडावर विचारत होता, की तुमचं लग्न खरं आहे हे आम्ही कशावरून मानायचं? भेटलात कुठे? किती वेळा? लग्नाला हजर कोण होतं? पुरावे जोडा.

"ह्याला म्हणतात सरकार!" धामणस्कर चष्मा काढून म्हणाले. "अगं भावना, हे लोक कोणावर म्हणजे कोणावर विश्वास ठेवत नाहीत."

"मग तुमचं चांगलं जमेल," भावनाताई कणीक मळता मळता म्हणाल्या.

आता हे धामणस्कर एका सरकारी महामंडळाच्या दक्षता विभागात तेहतीस वर्षं होते. काम काय, तर आलेल्या निनावी अर्जांची चौकशी करायची. अमुक साहेबाने सिमेंट घरी नेलं, तमुक कारकुनाची दोन लग्नं आहेत, असले अर्ज. माणूस निवृत्त झाला म्हणून हात थोडेच निवृत्त होतात! निरोप समारंभाहून ठाकुर्लीच्या घरी परतल्याबरोबर त्यांनी एक जाड आवक-जावक रजिस्टर विकत आणलं. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक क्रमांक, बाहेर जाणाऱ्याला जावक क्रमांक, आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना. सोसायटीला गच्चीच्या गळतीबद्दल पत्र, जावक क्रमांक नऊ. बहिणीची राखी आली, आवक क्रमांक बावीस. एकदा भावनाताईंनी वाण्याला पाठवलेल्या यादीलाही क्रमांक पडला होता. त्यानंतर त्या यादी तोंडी सांगायला लागल्या.

"बाबा, फाईल मी करते. तुम्ही प्लीज हात लावू नका," अंतरा म्हणाली. पण ती दिवसभर ठाण्याला ऑफिसात, आणि फाईल दिवसभर घरात. व्हायचं तेच झालं.

नवरामुलगा ह्याच ठाण्याच्या ऑफिसात वर्षभरासाठी आलेला. नाव तापिओ राउतिओ. 'राऊत' असं ऐकून भावनाताईंच्या चिपळूणच्या मामी आधी खूश झाल्या होत्या, मग फोटो पाहिला. साडेसहा फूट उंच, आणि बोलणं अगदी मोजकं. जेवायला आला की जेवायचा, स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवायचा, थँक्यू म्हणायचा आणि जायचा. ह्या ताट घासण्याने धामणस्करांची झोप उडाली. हुंडा नको, मानपान नको, अंगठी नको, फ्लॅट कोणाच्या नावावर हे विचारायचं नाही, रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे द्यायचे. ज्याला काहीच नको तो माणूस आलाय कशाला?

"हेच तर!" समोरच्या फ्लॅटमधले प्रफुल्ल टिपणीस म्हणाले. टिपणीस हे धामणस्करांचे जुने मित्र आणि सल्ल्यांचं चोवीस तास उघडं दुकान. "साईनाथ, कल्याणला आमच्या साडूच्या ओळखीत एक केस झाली. मुलगी नेली परदेशात. तिथे गेल्यावर कळलं, आधीच्या बायकोची तीन पोरं सांभाळायला नेली होती!"

"कोणता देश?"

"ते नाही माहीत. पण परदेशच होता, हे नक्की."

असली माहिती दक्षता विभागात 'विश्वसनीय सूत्र' ह्या सदरात जायची.

लग्नातच खरी गोची झाली होती, ती आधी सांगायला हवी. रजिस्टर लग्न ठाण्याला रीतसर झालं, महिनाभर नोटीस लावून. पण भावनाताईंना मंत्र हवे होते, अक्षता हव्या होत्या, मामाने मुलीला बोहल्यावर आणायला हवं होतं. डोंबिवलीत हॉल घेतला. आणि आयत्या वेळी तिकडून निरोप आला, तापिओच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन, आईवडील येऊ शकत नाहीत. गुरुजी म्हणाले, वरपक्षाशिवाय सीमांतपूजन कसं करायचं? मुलाचे आईवडील म्हणून कुणीतरी पाटावर बसायला हवं. धामणस्करांनी मागचापुढचा विचार न करता टिपणीस नवराबायकोला बसवलं. पत्रिका पुन्हा छापल्या. त्यावर आलं, 'चि. तपन ऊर्फ तापिओ, श्री. प्रफुल्ल व सौ. नीरजा टिपणीस यांचे मानसपुत्र.' तपन हे नाव गुरुजींनी दिलं, संकल्पात तापिओ बसेना म्हणून.

आणि टिपणीस काय अंगात आल्यासारखे वागले म्हणता! पंचवीस वर्षं ह्या घरातला चहा फुकट पिणारा माणूस, पण पाय धुतल्याबरोबर त्याचा व्याही झाला. कोटाचं कापड हलकं आहे म्हणाले. विहिणीच्या पंगतीत नीरजावहिनींना जिलबी दुसऱ्यांदा विचारली नाही म्हणून दोघं रुसून हॉलच्या जिन्यात जाऊन बसले. त्यांची समजूत काढायला शेवटी तापिओ गेला. त्याने काय सांगितलं देव जाणे, पण टिपणीस डोळे पुसत परत आले आणि "माझा मुलगा लाखात एक आहे," असं माईकवर बोलले. ते सगळं व्हिडिओत आहे.

लग्नानंतर तापिओची मुदत संपली, तो परत गेला. आता अंतराने अर्ज करायचा, पुरावे द्यायचे आणि दिल्लीला मुलाखत द्यायची. अर्ज फेटाळला गेला तर तो फेटाळल्याची नोंद कायमची राहणार, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणजे आणखी वर्षभर तरी ती इथे, तो तिथे. हे अंतराने बापाला तीनदा समजावून सांगितलं होतं.

धामणस्करांनी फाईल तयार केली ती बघण्यासारखी होती. दोनशे बारा फोटो, प्रत्येकाच्या मागे तारीख, ठिकाण आणि फोटोतल्या माणसांचं वधूशी नातं. पत्रिकेचं इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतः केलं, बाहेरच्या माणसावर भरवसा नको म्हणून. मानसपुत्रासाठी शब्दकोश तीनदा चाळून शेवटी 'मेंटल सन' असं लिहिलं. अंतराने घाईत फाईल वरवर चाळून स्कॅन केली आणि पाठवली.

पण फाईल गेली तरी धामणस्करांचं मन काही जागेवर येईना. लेकीचा पुरावा दिला, ठीक. त्या माणसाचा पुरावा कोण घेणार? म्हणून त्यांनी तापिओला थेट पत्रं लिहायला सुरुवात केली, इंग्रजीत, जावक क्रमांक घालून, स्कॅन करून. रजिस्टरात नावाच्या जागी लिहायचे 'संबंधित इसम.' राहतं घर स्वतःचं की भाड्याचं? संबंधित इसमाने घराचा नकाशा पाठवला. उत्पन्न किती? तीन वर्षांचे कराचे कागद आले. पूर्वी कोणाशी संबंध होते का? दुसऱ्याच दिवशी उत्तर, होय, दोन, त्यांची नावं, कालावधी, आणि वेगळं होण्याचं कारण. पहिलीला कुत्रे आवडत नव्हते, दुसरीला तो फार कमी बोलतो असं वाटत होतं.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. धामणस्करांचा संशय उलट दुप्पट झाला. तेहतीस वर्षांत त्यांनी इतकं स्वच्छ उत्तर देणारा माणूस पाहिला नव्हता. सरळ माणसं अडखळतात, विसरतात, चिडतात. हा मागितलेला कागद चोवीस तासांत देतो म्हणजे तयारी करूनच बसलेला असणार.

एका दुपारी घरात सगळे आडवे झालेले असताना त्यांनी टेबलाशी बसून एक अर्ज लिहिला, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळा सुट्या कॅपिटल अक्षरांत. निनावी. दिल्लीच्या वकिलातीला. हेतू वाईट नव्हता हो! फक्त सरकारी पातळीवर एकदा चौकशी व्हावी, इतकंच. संबंधित इसमाची पार्श्वभूमी तपासावी, असं त्यांनी लिहिलं. आणि सचोटीचा माणूस असल्यामुळे स्वतःच्या बाजूची कमजोर गोष्टही लपवली नाही. पत्रिकेवरील 'तथाकथित पिता' हा प्रत्यक्षात ठाकुर्लीचा रहिवासी असून त्याचा फिनलंडशी काहीही संबंध नाही, हेही लिहून टाकलं.

ठाकुर्लीहून टाकलं तर शिक्क्यावरून कळणार. डोंबिवलीत सगळे ओळखीचे. कल्याणच्या पोस्टात भावनाताईंचा भाचा. म्हणून ते तोंडाला मास्क लावून थेट खडवलीला गेले. तिथल्या पोस्टातली बाई म्हणाली, "स्पीडपोस्टला पाठवणाऱ्याचं नाव आणि मोबाईल लागतो काका."

"नाव नाहीये."

"तुमचं नाव नाहीये?"

"पाकिटाला नाहीये."

तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की धामणस्करांना आयुष्यात प्रथमच कळलं, आपल्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला कसं वाटत असेल. त्यांनी मुकाट साधी तिकिटं चिकटवली आणि पाकीट पेटीत टाकलं. खडवलीला कशाला गेला होता ह्याचं उत्तर हवं म्हणून येताना दोन जुड्या अळू आणलं.

"अळू आणायला खडवली?" भावनाताईंनी विचारलं.

"तिथलं खाजत नाही."

खाजलं. चांगलं दोन दिवस खाजलं.

पुढच्या पत्राच्या उत्तराने मात्र धामणस्कर हलले. तापिओने वर लिहिलं होतं, 'आपल्या जावक क्रमांक ४२ च्या संदर्भात,' आणि खाली, 'क्रमांक ४० व ४२ मिळाले. ४१ मिळालं नाही. कृपया पुन्हा पाठवावं, माझी फाईल अपूर्ण राहते.' माझी फाईल! म्हणजे हा बाबा तिकडे बर्फात बसून सासऱ्याची पत्रं क्रमवार लावून ठेवत होता. स्वतःच्या ऑफिसात धामणस्करांनी हे लोकांना तेहतीस वर्षं सांगितलं आणि एकानेही केलं नाही. त्यांनी उत्तर दिलं, '४१ रद्द समजावे.' सरकारी कागदावर खोटं लिहायची ही त्यांची पहिलीच वेळ.

त्या दिवसापासून त्यांना तो अर्ज मागे घ्यायचा होता. पण निनावी अर्ज मागे घ्यायचा कोणाच्या नावाने? नियमात तशी सोयच नाही.

एप्रिल संपता संपता अंतराला मेल आला. तुमच्या लग्नाबद्दल एक अर्ज आला आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे, दहा दिवसांत खुलासा करा. रविवारी सकाळी धामणस्करांच्या हॉलमध्ये सभा भरली. अंतराचे डोळे रडून सुजलेले. टिपणीस नवराबायको आलेले. लॅपटॉपवर तापिओ.

"कोणाचं काय बिघडवलं मी?" अंतरा म्हणाली. "इतका खुनशीपणा कोण करतं यार?"

"तथाकथित पिता!" टिपणीस थरथरत म्हणाले. त्यांचं दुःख वेगळंच होतं. "मी तथाकथित? पाय धुतलेत माझे त्या हॉलमध्ये! हे तळमजल्यावरच्या त्या सेक्रेटरीचं काम आहे. तिला लग्नाला बोलावलं नव्हतं."

"नाहीतर तुझ्या ऑफिसातलं कुणी असेल," नीरजावहिनी म्हणाल्या. "जळतात गं."

"अरे, पण आपल्याकडे तज्ज्ञ असताना आपण कशाला डोकं चालवतोय?" टिपणिसांनी टाळी वाजवली. "साईनाथ, तू चौकशी कर. आयुष्यभर केलंस काय तू? दोन दिवसांत माणूस पकडून दे."

सगळ्यांनी धामणस्करांकडे बघितलं. अंतराने सुद्धा. "बाबा, तुम्हीच शोधा. प्लीज." त्यांनी चष्मा लावला, अर्जाची प्रत हातात घेतली आणि स्वतःचंच अक्षर परक्यासारखं न्याहाळत म्हणाले, "भाषा सुशिक्षित माणसाची दिसते."

"पाकिटाची पण कॉपी आहे," अंतराने पान उलटलं. "शिक्का बघा. खडवली."

भावनाताई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या जागीच थांबल्या. नुसतं डाव्या हाताने गळ्याशी, जिथे अळू खाजलं होतं तिथे, एकदा खाजवलं आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"खडवलीत आपलं कोण आहे?" टिपणीस पुटपुटले. "हं, म्हणजे टोळी दिसतेय."

इतका वेळ गप्प असलेला तापिओ लॅपटॉपवरून पुढे वाकला. प्रत त्याच्याकडेही गेली होती. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. हरवलेली वस्तू सापडल्यावर उजळतो तसा.

"बाबा," तो म्हणाला, "हे ४१. मिळालं! मला वाटलं, ते रद्द झालं होतं."

सगळ्यांनी कागदाकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, वर, सुवाच्य अक्षरात होतं, 'जावक क्रमांक ४१.' आणि अगदी खाली, 'प्रत: कार्यालयीन फाईलसाठी.' मास्क लावला, गाव बदललं, स्पीडपोस्ट टाळलं, सगळं केलं. पण विना क्रमांकाचा कागद ह्या माणसाच्या हातून घराबाहेर गेलाच नव्हता कधी, तो ह्या वेळी तरी कसा जाणार?

अंतरा उठली. कपाटावरचं रजिस्टर काढलं, मांडीवर घेऊन बोट फिरवत खाली आली. एक्केचाळीस. विषय: 'अंतराचे यजमान, निनावी.' हो, तेही लिहिलेलं होतं. मग तिचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. तिथे शेरा होता, 'खात्री नाही. पोर फार लांब चालली आहे.'

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. टिपणिसांनी तोंड उघडलं, नीरजावहिनींनी त्यांचा हात दाबला.

"बाबा, जाऊ नकोस असं तोंडाने म्हणायचं ना," अंतरा शेवटी म्हणाली. आवाज चिडका होता आणि फुटलेलाही.

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही."

"मग?"

"पण तुम्ही म्हणाला असतात ना! मला कळलं असतं ना! मला वाटत होतं, तुम्हाला फक्त फाईलची पडलीय."

तेहतीस वर्षं धामणस्करांनी लोकांकडून कबुलीजबाब घेतले होते, दिला एकही नव्हता. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले, आणि लॅपटॉपकडे वळून पुन्हा म्हणाले, इंग्रजीत. तापिओने थोडा विचार केला. "तुम्ही चौकशी केलीत," तो म्हणाला. "माझे वडील म्हणतात, चौकशी न करता मुलगी दिली असती तर त्यांना विचित्र वाटलं असतं."

"बघा, व्याही कसे असावेत!" टिपणीस म्हणाले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, की म्हणजे आपण नव्हे.

"आता बसा आणि लिहा," अंतराने पेन बापाच्या हातात दिलं. "नाव घालून."

धामणस्करांनी लिहिलं. जावक क्रमांक अठ्ठावन्न. सदर निनावी अर्ज खाली सही करणाऱ्यानेच केला असून त्यास आपल्या कृत्याचा खेद होत आहे. चौकशी पूर्ण झाली असून जावयाविरुद्ध काहीही आढळलं नाही. पत्रिकेवर दुसरे आईवडील का, सीमांतपूजन म्हणजे काय, पाय का धुतात, हे सगळं दीड पानात. स्वतःचं पॅन कार्ड, आधार, निवृत्तीचा आदेश सोबत जोडला. टिपणीस खांद्यावरून वाचत होते. "मुलाच्या बापाचीही सही लागेल ना?" त्यांनी विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही. त्यांनी सही केली आणि त्याखाली 'मेंटल फादर' असं लिहिलं.

दिल्लीच्या मुलाखतीत अधिकारी बाईंनी अंतराला जेमतेम चार प्रश्न विचारले. शेवटचा होता, "तुमचे वडील ते रजिस्टर अजून ठेवतात का?" अंतरा हो म्हणाली. महिन्याभराने परवाना आला. ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर धामणस्करांनी तिच्या कागदपत्रांची यादी तीनदा तपासली आणि चौथ्यांदा तपासताना त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून भावनाताईंनी यादी काढून घेतली.

ही गोष्ट इथे संपली असती. पण दिवाळीनंतर लेकीने आईवडिलांना महिनाभर बोलावलं, आणि धामणस्करांपुढे नवा फॉर्म आला. तो वाचून ते ताडकन उठले.

"अगं भावना! हे विचारतायत, तुम्ही परत जाल कशावरून? पुरावा द्या! मी? मी तिकडे राहणार? ठाकुर्ली सोडून? माझ्यावर संशय?" त्यांचे कान लाल झाले. "माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही ह्या लोकांना?"

भावनाताई इतक्या हसल्या, की त्यांना ओट्याला टेकावं लागलं.

चौथ्या दिवशी तापिओचं हमीपत्र आलं, वर त्याचा स्वतःचा जावक क्रमांक घालून. त्यात दोनच वाक्यं होती. श्री. साईनाथ धामणस्कर ह्यांना मी ओळखतो. ते म्हणाले परत जाऊ, तर ते जातील, त्यांनी मला आजवर जे काही लिहिलं त्यातलं फक्त एक वाक्य खोटं होतं आणि त्याचं कारण मला माहीत आहे.

धामणस्करांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग टेबलाशी बसून रजिस्टर उघडलं, आवक क्रमांक घातला, तारीख घातली. पाठवणाऱ्याच्या रकान्यात तापिओच्या प्रत्येक कागदापुढे ह्या वर्षभर वरपासून खालपर्यंत एकच नोंद होती, संबंधित इसम, संबंधित इसम, संबंधित इसम. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्याखाली लिहिलं, 'जावई.'